माहितीपुस्तकाची राखण



पत्रिकेवर आमचे नाव पाहून आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल की, आज बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगारांची स्थिती यांवर काही ऐकावयास मिळेल. तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत आणि पुढेही बोलणार आहोत. परंतु आज आम्ही विषय घेतला आहे तो संगणकाच्या माहितीपुस्तकांचा, इंग्रजीत ज्यांना मॅन्युअल म्हणतात त्यांचा. ही पुस्तके कोण लिहितो, लिहिल्यावर ती कोण सांभाळतो, आणि ती मराठीत आणावयाची तर काय करावे लागते, एवढाच आजचा प्रश्न आहे. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. संगणक आम्ही शिकलो तो युनियनच्या कचेरीत, रात्री, पुस्तकांची पाने उलटीत. तेव्हा तज्ज्ञपणाचा दावा आमच्याकडे नाही. ज्यांना ही पुस्तके पदोपदी लागली त्यांपैकी आम्ही एक, एवढ्याच अधिकाराने आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

प्रथम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय ते सांगतो. संगणक विकत आणला की, डोळ्यांना दिसते ते यंत्र. परंतु त्या यंत्राच्या आत एक मुकादम बसलेला असतो. कोणत्या प्रोग्रामला किती जागा द्यावयाची, कोणाची पाळी आधी, कोणता कागद कोणत्या कप्प्यात ठेवावयाचा, छपाईयंत्राकडे काम केव्हा धाडावयाचे, हे सारे तो पाहतो. या मुकादमाचे नाव ऑपरेटिंग सिस्टिम. बाजारात तिच्या दोन जाती आहेत. एक कंपनीच्या मालकीची. पैसे भरूनही आपणांस मिळते ती फक्त वापरण्याची परवानगी, आणि आतली रचना पाहण्याची मुभा नसते. दुसरी जात मुक्त. तिची रचना कोणीही वाचावी, बदलावी, तिची प्रत काढावी आणि शेजाऱ्याला द्यावी. लिनक्स ही या दुसऱ्या जातीची. आपल्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे, त्यांच्या फोनच्या गाभ्याशीही लिनक्सच आहे.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे युनिक्स. १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांनी त्याची उभारणी सुरू केली. त्याच्या पहिल्या माहितीपुस्तकावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्या पुस्तकाची मांडणी आम्हांला फार शिकण्यासारखी वाटते. प्रत्येक हुकुमाचे वेगळे टिपण असते. वर हुकुमाचे नाव, मग तो कसा लिहावयाचा, मग तो काय करतो, आणि शेवटाकडे एक रकाना असतो, 'बग्ज', म्हणजे दोष. हा हुकूम कोठे अडखळतो, कोठे चुकतो, ते करणाऱ्यानेच तेथे लिहून ठेवावयाचे. आपल्या मालाचे दोष आपल्याच पुस्तकात छापणारा कारखानदार आम्हांला तरी तीस वर्षांत भेटला नाही! त्या पहिल्या पुस्तकात आणखी एक रकाना होता, 'ओनर', म्हणजे या हुकुमाची जबाबदारी कोणाची त्याचे नाव. हे दोन रकाने आपण ध्यानात ठेवावे अशी विनंती आहे. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

युनिक्स पुढे कंपनीच्याच मालकीचे राहिले. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच धर्तीची, परंतु सर्वांच्या मालकीची प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला आणि तिला ग्नू असे नाव दिले. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी डेबियन नावाचा उपक्रम सुरू केला. हा गाभा आणि हजारो प्रोग्राम एकत्र बांधून, तपासून, लोकांच्या हाती द्यावयाचे हे डेबियनचे काम. देशोदेशींचे स्वयंसेवक ते करतात. त्यांची स्वतःची घटना आहे, दर वर्षी प्रमुखाची निवडणूक होते, आणि मोठा वाद पडला की तो मतदानाने सोडविला जातो. युनियनच्या माणसाला तेथे परके वाटत नाही.

आता माहितीपुस्तकाचे एवढे महत्त्व ते काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आम्ही कारखान्यात शिकलो. १९९० नंतरच्या दशकात आमच्या भागात संगणकावर चालणारी लेथ यंत्रे आली. यंत्राबरोबर जाडजूड पुस्तक येई. ते इंग्रजीत, आणि मुक्काम साहेबांच्या कपाटात. यंत्र मध्येच थांबे, लाल दिवा लागे, पडद्यावर एक आकडा उमटे. त्या आकड्याचा अर्थ ज्याच्याजवळ पुस्तक त्यालाच ठाऊक. वीस वर्षे लेथवर काढलेला टर्नर हात बांधून उभा राही, आणि पाळीचे काम कमी भरले म्हणून इन्सेंटिव्ह कापला जाई तो त्याचाच. त्याच्या हातांतील कसब तेवढेच होते. यंत्राविषयीचे ज्ञान मात्र कपाटाच्या किल्लीबरोबर दुसऱ्याच्या खिशात गेले होते. पुस्तक ज्याच्या हाती, यंत्रावर सत्ता त्याची, हे आम्ही तेथे पाहिले.

कायद्यालाही ही गोष्ट माहीत होती. १९४६ च्या औद्योगिक सेवायोजन स्थायी आदेश अधिनियमाच्या नवव्या कलमात अशी तरतूद होती की, कारखान्याचे प्रमाणित स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, दरवाजाजवळच्या खास फळ्यावर लावले पाहिजेत. नियम असणे पुरेसे नाही, तो ज्याला पाळावयाचा त्याला वाचता आला पाहिजे, असा त्याचा अर्थ. तो कायदा आता नव्या संहितेत विलीन झाला आहे. परंतु त्या फळ्यांविषयी एक अनुभव सांगण्यासारखा आहे. कित्येक फळ्यांवर आम्ही असे पाहिले की, इंग्रजी मजकूर दुरुस्त झालेला, आणि शेजारचा मराठी कागद जुनाच, पिवळा पडलेला. रजेचा नियम बदललेला असे, आणि मराठी वाचणारा कामगार जुन्या नियमाप्रमाणे चालून ताकीदपत्र घेऊन येई. भाषांतर झालेच नव्हते असे नाही. ते एकदा झाले आणि मग कोणी त्याच्याकडे पाहिले नाही. आमच्या आजच्या विषयाचे मर्म या पिवळ्या कागदात आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम ही मंदिरासारखी एकदा बांधून होत नाही. तिच्यात रोज काही बदलते. एखाद्या हुकुमाला नवा पर्याय जोडला जातो, जुना काढला जातो, एखादा दोष दुरुस्त होतो. प्रोग्राम बदलला आणि पुस्तक तसेच राहिले, तर ते पुस्तक खोटे बोलू लागते. पुस्तक नसेल तर माणूस जपून पाऊल टाकतो. खोटे पुस्तक हातात असले की तो निःशंकपणे खड्ड्यात जातो. म्हणून ओपनबीएसडी नावाच्या दुसऱ्या एका मुक्त प्रणालीत माहितीपुस्तकातील चूक हीसुद्धा प्रोग्राममधील दोषाइतकीच दोष मानली जाते, आणि तशीच दुरुस्त केली जाते.

ही राखण करणारे हात किती असतात म्हणाल तर, थोडे. लिनक्सच्या गाभ्याशी प्रोग्रामने कसे बोलावयाचे याचा जो मूळ पानांचा संच आहे, त्याची राखण २००४ पासून मायकेल केरिस्क या एका गृहस्थांनी दीड दशकाहून अधिक काळ केली. त्यांच्यानंतर दुसऱ्या एकाने ती जबाबदारी उचलली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केले की, हे काम आपण मोकळ्या वेळात करीत आलो, त्याचा मोबदला कोणी देत नाही, तेव्हा आता ते थांबवीत आहोत. जगातील मोठमोठ्या कंपन्यांचे संगणक ज्या प्रणालीवर चालतात, तिच्या माहितीपुस्तकाची ही अवस्था होती! काही महिन्यांनी काही कंपन्यांनी एकत्र येऊन लिनक्स फाउंडेशनमार्फत एका वर्षाच्या कराराचे पैसे उभे केले, आणि काम पुन्हा चालू झाले. आमच्या भाषेत सांगावयाचे तर, हात थांबले तेव्हा कोठे हात होते हे मालकांना दिसले.

येथे मुक्त पुस्तकाविषयी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रोग्राम मुक्त असून भागत नाही, त्याचे पुस्तकही मुक्त असावे लागते. स्टॉलमन यांनी हा मुद्दा आग्रहाने मांडला. कोणीही प्रोग्राम बदलू शकतो, परंतु पुस्तक मात्र प्रकाशकाच्या हक्कात अडकलेले, अशी स्थिती असेल, तर बदल करणाऱ्याला पुस्तकातील ओळ दुरुस्त करता येणार नाही, आणि भाषांतर करावयाचे तर परवानगीसाठी उंबरे झिजवावे लागतील. म्हणून २००० साली पुस्तकांसाठी वेगळा मुक्त परवाना काढण्यात आला. परंतु त्यातही अशी एक सोय होती की, लेखकाने पुस्तकातील काही भाग कायमचे अपरिवर्तनीय ठरवावे. डेबियनमध्ये यावर मोठा वाद झाला. ज्याला हात लावता येत नाही ते मुक्त कसे, असा प्रश्न होता. मार्च २००६ मध्ये मतदान होऊन ठरले की, असे न बदलता येणारे भाग ज्यात नाहीत ती पुस्तके मुक्त मानावी. ज्यांत असे भाग आहेत ती डेबियनच्या मुख्य भांडारात बसत नाहीत. त्यामुळे ग्नूची स्वतःची काही पुस्तकेही बाहेरच्या दालनात गेली. एकाच चळवळीतील दोन भावंडांनी तत्त्वासाठी घेतलेला हा वाद होता, आणि तो मोजलेल्या मतांनी मिटला.

आपल्या मराठीला हा प्रश्न अगदी नवा नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधील. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि यापुढे कोणी त्यात आपली भर घालू नये असे बजावले. ग्रंथ एका महाकवीचा होता, तेव्हा दार लावून घेणे योग्यच होते. संगणकाच्या पुस्तकाला तसे करून चालत नाही. त्याचे दार उघडे ठेवावे लागते, कारण आतले घरच रोज बदलते. म्हणून तेथे दुसरी शिस्त लावली आहे: कोणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ, का बदलली, याची नोंद कायम राहते आणि जुना पाठ केव्हाही पाहता येतो. एकनाथांना हातात पोथ्या घेऊन जे करावे लागले, ते येथे प्रत्येक दुरुस्तीबरोबर होते.

आता भाषांतराकडे येऊ. याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पुस्तकाचे आणि पडद्यावर येणाऱ्या मजकुराचे लहान लहान तुकडे पाडतात. प्रत्येक इंग्रजी वाक्याखाली मराठी वाक्य लिहावयाचे. पुढे मूळ इंग्रजी वाक्यात कोणी बदल केला, की जुने मराठी वाक्य फेकून दिले जात नाही. त्यावर 'फझी' अशी खूण पडते. संशयित, असा तिचा अर्थ घ्यावा. माणसाने ते पुन्हा वाचून खूण काढीपर्यंत ते वाक्य वाचकापुढे येत नाही. तेथे इंग्रजीच दिसते. पुस्तकांच्या भाषांतरासाठी जे साधन सर्रास वापरतात, त्याचा सर्वसाधारण नियम तर असा आहे की, शंभरापैकी ऐंशी भाग तरी भाषांतरित असल्याखेरीज त्या भाषेतील पुस्तक तयारच होत नाही. कारखान्याच्या फळ्यावरचा पिवळा कागद वर्षानुवर्षे लटकत राहिला. येथे तो आपोआप खाली उतरतो. हा नियम कठोर आहे, परंतु वाचकाला फसविण्यापेक्षा बरा.

या नियमाचा परिणाम काय होतो ते एका उदाहरणाने सांगतो. १४ फेब्रुवारी २००९ रोजी डेबियनची 'लेनी' नावाची आवृत्ती निघाली. यंत्रावर प्रणाली बसविताना जो प्रोग्राम आपल्याशी बोलतो, तो त्या आवृत्तीत ६३ भाषांत बोलू लागला. त्याआधीच्या आवृत्तीत ५८ होत्या. नव्याने आलेल्या भाषांची नावे ऐका: अम्हारिक, आयरिश, उत्तर सामी, सर्बियन, आणि मराठी. मराठी त्या पंक्तीला बसली ती तेव्हा. परंतु त्याच दिवशी एक भाषा पंक्तीतून उठविली गेली, एस्टोनियन. कारण दिले होते एवढेच की, भाषांतर अद्ययावत ठेवले गेले नाही. वेल्श भाषेला आधीच्या आवृत्तीत असेच उठावे लागले होते. तिच्यावर पुन्हा काम झाले आणि ती या वेळी परत आली. एस्टोनियनही पुढे परतली.

एस्टोनिया हा चौदा लाखांच्या आत लोकसंख्येचा देश आहे. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते. म्हणून आपली जागा पक्की, असे समजण्याचे कारण नाही. त्या यादीत बोलणाऱ्यांची शिरगणती होत नाही, वाक्ये मोजली जातात. आठ कोटींतून दोन माणसे कामाला असतील, तर आठ कोटींची भाषा त्या दोघांच्या प्रकृतीवर आणि नोकरीवर अवलंबून आहे. त्यांपैकी एकाची बदली झाली, दुसऱ्याच्या घरी आजारपण आले, की एका आवृत्तीत मराठी मागे पडेल, आणि कोणी तिच्यावर अन्याय केला असेही म्हणता येणार नाही.

मराठीत आणताना अडचणी कोणत्या येतात याचे दोन-तीन नमुने देतो. पहिली अडचण लिपीची. मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे यांची गुंफण साध्या अक्षरी पडद्याला जमत नाही. म्हणून लेनीच्या ६३ पैकी १३ भाषा केवळ चित्ररूप पडद्यावरच दाखविता येत होत्या, आणि मराठी त्यांतली. शिवाय 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतील रकार वेगळे काढण्याची सोय आपल्याला हवी. ती नसेल तर डोंगरातील दऱ्यांचा समुद्र होतो. दुसरी अडचण व्याकरणाची. इंग्रजी प्रोग्राममध्ये एक रिकामी जागा आणि पुढे 'काढून टाकले' या अर्थाचा एकच शब्द असतो. त्या रिकाम्या जागी काहीही येवो, इंग्रजीत क्रियापद बदलत नाही. आपल्याकडे फाइल काढली, फोल्डर काढला, पत्र काढले. आणि 'चित्र काढले' असे पडद्यावर आले, तर ते पुसले की रेखाटले? आमच्या मंडळींत यावर एक अख्खा रविवार गेला. शेवटी 'हटवणे' घ्यावे आणि वाक्य असे फिरवावे की लिंगाचा प्रश्नच उरू नये, असे ठरले.

तिसरी अडचण शब्दांची, आणि ती सर्वांत नाजूक. एक पक्ष म्हणतो, शुद्ध मराठी शब्दच हवा. फाइलला संचिका म्हणा. दुसरा म्हणतो, इंग्रजी शब्द जसाच्या तसा ठेवा. आम्ही कारखान्यातील माणसे या वादात एकच कसोटी लावतो: हा शब्द ऐकून वायरमनचा हात योग्य जागी जाईल काय? 'फाइल' ऐकून जातो, तेव्हा ती राहू द्यावी. 'माउंट' ऐकून जात नाही. कोशात पाहून त्याला 'आरूढ होणे' म्हटले तर मुळीच जाणार नाही. 'डिस्क जोडणे' म्हटले की जातो. 'किल' नावाचा एक हुकूम आहे. नावाप्रमाणे तो ठार मारणारा वाटतो, परंतु तो चालू प्रोग्रामला केवळ खूण पाठवितो, आणि त्या खुणांपैकी काहींचा अर्थ 'जरा थांब' किंवा 'पुन्हा चालू हो' असाही असतो. हे पुस्तक वाचल्याशिवाय कळत नाही. असे शब्द एकट्याने ठरवू नयेत. मुंबईत २००० च्या सुमारास सुरू झालेल्या इंडलिनक्स या गटाने भारतीय भाषांत लिनक्स आणण्याचे काम हाती घेतले. २००८ साली सुरू झालेल्या फ्युएल या उपक्रमाने तर नेहमी लागणाऱ्या शब्दांच्या याद्या करून, त्या त्या भाषेच्या लोकांनी एकत्र बसून प्रत्येक शब्द ठरवावा, असा प्रघात पाडला. चार ठिकाणी चार शब्द झाले की वाचक गोंधळतो, म्हणून ही बैठक आवश्यक असते.

यावर आजचा तरुण हमखास एक प्रश्न विचारतो. तो म्हणतो, "काका, आता यंत्रच क्षणात भाषांतर करून देते, मग तुम्ही रविवारी डोके का फोडता?" प्रश्न रास्त आहे. यंत्राने केलेला कच्चा मसुदा आम्हीही घेतो. त्याने टंकलेखनाचे श्रम वाचतात. परंतु एक वाक्य पाहा. डिस्कची तपासणी आणि दुरुस्ती करणारा एक हुकूम आहे. डिस्क जोडलेली आणि चालू असताना तो चालवू नये, चालविल्यास तिच्यावरील माहितीची नासाडी होऊ शकते, असे पुस्तक बजावते. आता 'चालवू नये' याच्या जागी 'चालवावा लागत नाही' असे पडले, तर मराठी सुबक दिसेल, व्याकरणाची चूक सापडणार नाही, आणि युनियनच्या बाराशे सभासदांचे वर्गणीचे रजिस्टर एका संध्याकाळी नाहीसे होईल. यंत्र मसुदा देईल, परंतु तो बरोबर आहे असे म्हणून त्याखाली नाव कोण घालणार? १९७१ च्या पुस्तकातील तो 'ओनर'चा रकाना आठवा. त्या रकान्यात माणूस लागतो. ज्याने ते वाक्य वाचले, यंत्रावर करून पाहिले, आणि चुकले तर मला विचारा असे जो म्हणतो, असा माणूस.

दुसरा प्रश्न आमच्या चळवळीतील मित्र विचारतात, आणि तो अधिक अवघड आहे. ते म्हणतात, "कामाचा दाम मागावयास शिकविणारे तुम्ही, आणि धनाढ्य कंपन्यांना उपयोगी पडणारे काम लोकांकडून फुकट करून घेता?" या आक्षेपात तथ्य आहे आणि तो आम्ही झटकून टाकीत नाही. आमचे म्हणणे असे की, ही पुस्तके म्हणजे गावविहीर आहे. तिचे पाणी गरिबालाही मिळते आणि बागाईतदारालाही. दर उन्हाळ्यात तिचा गाळ काढावा लागतो. गाळ काढणारे नेहमी तेच चार गरीब, आणि मोटा लावणारे दुसरेच, असे होऊ लागले तर ते श्रमदान राहत नाही, ती वेठ होते. म्हणून आम्ही दोन गोष्टी एकाच वेळी करावयास सांगतो. विहीर आपली आहे तेव्हा गाळ काढावयास आपण उतरावे. आणि ज्याची मोट मोठी त्याच्याकडून गाळाचा खर्च वसूल करावा. २०२४ च्या त्या कराराने हे होऊ शकते असे दिसले. सरकारी कचेऱ्या, नगरपालिका, शाळा यांच्यासाठी सार्वजनिक पैशातून संगणक घेतले जातात. त्या खर्चात यंत्राची, विजेची, टेबलखुर्चीची बाब असते. मराठी माहितीपुस्तकाची आणि त्याच्या राखणीची बाबही असली पाहिजे, आणि ती राखण करणाऱ्याला वेतन मिळाले पाहिजे. ही मागणी आम्ही आज या व्यासपीठावरून करतो, आणि योग्य त्या दारांवरही नेणार आहोत.

ती मान्य होईपर्यंत काय करावयाचे? आमच्या कचेरीत दर रविवारी सहा-सात मंडळी बसतात. एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक वायरमन आहे, शिकणाऱ्या दोन मुली आहेत, छापखान्यात मुद्रिते तपासलेले एक आजोबा आहेत. कामाची वाटणी सोपी आहे. एकाने भाषांतर करावयाचे. दुसऱ्याने मूळ इंग्रजी न पाहता केवळ मराठी वाचून अर्थ सांगावयाचा. तो जुळला नाही तर वाक्य परत. तिसऱ्याने यंत्रापुढे बसून पानात लिहिले आहे तेवढेच आणि तसेच करावयाचे. पानाने वाटेत सोडले तर पान परत. शिक्षिकाबाईंना संगणकाचे काही येत नव्हते, आणि त्यामुळेच त्यांचा उपयोग सर्वांत मोठा झाला. कारण पुस्तकाने काय गृहीत धरले आहे ते ज्याला येते त्याला दिसत नाही. नव्या पानांचा हव्यास आम्ही धरीत नाही. आधी जुन्या पानांवर पडलेल्या संशयाच्या खुणा काढावयाच्या, मग नवे पान घ्यावयाचे. नवे करण्यात नाव होते आणि जुने राखण्यात कोणाचे लक्ष जात नाही, हे सर्वच क्षेत्रांत आहे. परंतु मराठी त्या यादीत राहील ती जुने राखणाऱ्यांमुळे.

आपल्या शहरात निवृत्त शिक्षक आहेत, मुद्रितशोधक आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, बँकेत जन्म काढलेली माणसे आहेत. इंग्रजी उत्तम येणाऱ्यांचीच गरज आहे असे नाही. मराठी वाक्य वाचून 'हे मला कळले नाही' असे स्पष्ट सांगणारा माणूसही आम्हांला तितकाच हवा आहे. सभागृहाच्या दाराशी आमचे कार्यकर्ते एक वही घेऊन बसले आहेत. ज्यांना आठवड्यातील दोन तास देणे शक्य असेल, त्यांनी जाताना तीत नाव, धंदा आणि मोकळा वार लिहावा. पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आहे. चहा युनियनचा, चष्मा ज्याचा त्याने आणावा.